तंबूखालची जमीन कोणाची, ते आधी विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑगस्टमध्ये आईवडील (वय ६८ आणि ६४) आणि दहा वर्षांची मुलगी यांना घेऊन केनियात मासाई माराला जायचंय. एजंटने एक ‘इको टेंटेड कॅम्प’ सुचवलाय, दर साध्या लॉजच्या दीडपट. हे ‘इको’ खरं असतं की नुसतं नाव? तंबूत संडास, गरम पाणी असतं का? कॅम्पला कुंपण नसतं म्हणतात, मग रात्री धोका नाही का? आणि मुलगी विचारतेय, रात्री बाहेर येऊन तारे बघता येतील का?

मी नऊ वर्षं माराच्या उत्तरेकडच्या अशा एका कॅम्पची व्यवस्था बघितली आहे आणि आता वर्षातून दोनदा मराठी मंडळींना घेऊन तिकडे जाते. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. कॅम्प इको आहे का, हे ठरवायला लोक सौरऊर्जा बघतात, कागदाचे स्ट्रॉ बघतात, बाथरूममधली ‘टॉवेल पुन्हा वापरा’ ही पाटी बघतात. या गोष्टी हव्यातच. पण माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: हा तंबू ज्या जमिनीवर उभा आहे ती कोणाची, आणि माझ्या रात्रीच्या भाड्यातलं त्या माणसाला काय मिळतं?

मासाई मारा राष्ट्रीय राखीव क्षेत्र सुमारे १,५१० चौरस किलोमीटरचं आहे. दक्षिणेला टांझानियाचं सेरेंगेटी त्याच्या जवळजवळ दहापट. पण प्राण्यांना या सीमा ठाऊक नाहीत. मारातले कितीतरी सिंह, जिराफ, हत्ती वर्षातला मोठा काळ राखीव क्षेत्राबाहेर, तिथल्या गुरं पाळणाऱ्या मासाई कुटुंबांच्या चराऊ जमिनीवर काढतात. ही जमीन पूर्वी सामाईक होती. पुढे तिची वाटणी होऊन एकेका कुटुंबाच्या नावावर शेदीडशे एकराचे तुकडे झाले. जमीन स्वतःच्या नावावर आली की माणूस काय करणार? कुंपण घालणार, विकणार किंवा नांगरणार. मारात तारेची कुंपणं झपाट्याने उभी राहिली, आणि कुंपणात अडकून मेलेलं विल्डबीस्टचं (गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणाचं) पिल्लू मी स्वतः उचललेलं आहे. साऱ्या केनियात १९७७ ते २०१६ या काळात वन्यप्राण्यांची संख्या सरासरी ६८ टक्क्यांनी घटली, असं तिथल्या हवाई मोजण्यांवरून दिसलं. १९७७ साली शिकारीवर बंदी आली, तरीही ही घट झाली. बंदुकीपेक्षा जमीन हातची जाण्याने जास्त नुकसान केलं.

याला जो तोडगा निघाला त्याला तिकडे कॉन्झर्व्हन्सी म्हणतात. शेजारशेजारचे शेकडो जमीनमालक आपले तुकडे एकत्र करतात, तिथली वस्ती हलवतात आणि सगळी जमीन कॅम्पवाल्यांना दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देतात. भाडं एकरावर ठरतं, पर्यटकांच्या संख्येवर नाही, आणि ते मालकाच्या खात्यात थेट जमा होतं. ओल किन्येई २००५ मध्ये झाली, मारा नॉर्थ २००९ मध्ये, नाबोइशो २०१० मध्ये. नाबोइशो म्हणजे मासाईंच्या माआ भाषेत ‘एकत्र येणं’. तिथे पाचशेच्या वर जमीनमालकांनी मिळून सुमारे ५० हजार एकर जमीन दिली आहे. ओलारे मोटोरोगीत तर दर ७०० एकरांमागे एकच तंबू, असा नियम आहे. तुमच्या एजंटचा दर दीडपट का, याचं उत्तर या आकड्यात आहे. तिथे गर्दी करून पैसे मिळवायची सोयच ठेवलेली नाही.

ही व्यवस्था निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. ज्यांच्या नावावर जमीन नाही त्यांच्या हाती थेट काही पडत नाही, आणि बायकांच्या नावावर जमीन फारच थोड्या ठिकाणी असते. दुष्काळात गुरं कुठे चारायची यावरून दरवर्षी वाद होतात. शिस्तीने, टप्प्याटप्प्याने चराई करू देणाऱ्या कॉन्झर्व्हन्सी मला जास्त टिकाऊ वाटतात, कारण गुरांना हाकलून राखलेलं गवत फार दिवस राखता येत नाही. २०२० मध्ये पर्यटक आलेच नाहीत, तेव्हा बऱ्याच ठिकाणी मालकांना कमी भाड्यावर तयार व्हावं लागलं. तेव्हा एक वयस्क जमीनमालक आमच्या स्वयंपाकघरामागे चहा पीत मला म्हणाला होता, “सिंह मला दर महिन्याला दिसतो. भाडं दिसलं नाही, तर मी त्याच्याकडे कसं बघायचं?” त्याच्या दोन गाई त्याच वर्षी सिंहाने मारल्या होत्या. त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमचे पैसे कुठे जातात हे विचारा असं मी म्हणते ते त्या दिवसापासून.

म्हणून एजंटला स्पष्ट विचारा: कॅम्प राखीव क्षेत्रात आहे, कॉन्झर्व्हन्सीत आहे की प्रवेशद्वाराबाहेरच्या खासगी तुकड्यावर? तिसऱ्या प्रकारातले सगळेच वाईट नसतात, पण सेकेनानी आणि तालेक या प्रवेशद्वारांच्या आसपास एकाला एक लागून कॅम्प उभे आहेत आणि तिथे ‘इको’ शब्दाचा वापर सर्रास होतो. नदीला अगदी खेटून असलेला कॅम्प तर मी टाळेनच. मे २०२४ च्या सुरुवातीला तालेक नदीला पूर आला तेव्हा काठावरचे कितीतरी कॅम्प पाण्याखाली गेले आणि पर्यटकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं.

दुसरी खूण म्हणजे तंबू काढला तर मागे काय उरेल. चांगल्या कॅम्पमध्ये तंबू लाकडी चौथऱ्यावर किंवा नुसत्या जमिनीवर असतो, खाली काँक्रीट ओतलेलं नसतं. भाडेपट्टा संपला की आठवडाभरात सगळं गुंडाळून न्यायचं आणि पुढच्या पावसानंतर तिथे गवत उगवलं पाहिजे. स्विमिंग पूल दिसला तर पाणी कुठून येतं ते विचारा. मारा नदी माऊच्या जंगलातून येते, ते जंगल बरंच तोडलं गेलंय आणि कोरड्या महिन्यांत नदीचं पाणी उतरतं. त्याच पाण्यावर खालच्या बाजूला लाखो जनावरं जगतात.

तिसरी खूण स्वयंपाकघरामागे. पोचल्यावर व्यवस्थापकाला म्हणा, “आम्हाला मागची बाजू दाखवाल?” ज्याचं काम चोख आहे तो आनंदाने दाखवतो. मी दाखवायचे तेव्हा पाहुण्यांना आधी सांडपाण्याचा चर दाखवायचे: भांड्यांचं पाणी आधी तेल अडवणाऱ्या हौदात, तिथून खडी-वाळूच्या थरातून, मग लव्हाळ्याच्या वाफ्यात. वास येत नसेल तर सगळं नीट चाललंय. ओला कचरा जाळीबंद खड्ड्यात कंपोस्टला, कारण उघडा राहिला तर रात्री तरस आलेच. काच, पत्रा, प्लास्टिक वेगवेगळं बांधून नैरोबीला परत. चुलीत कोळसा असेल तर तो कशाचा, हे बघा. बाजारात मिळणारा लोणारी कोळसा बहुतेक वेळा देशी झाडं तोडून केलेला असतो. भुशाच्या दाबून केलेल्या विटा वापरणारा कॅम्प मला जास्त विश्वासाचा वाटतो. एका नावाजलेल्या, भिंतीवर प्रमाणपत्र लावलेल्या कॅम्पमध्ये मी मागच्या बाजूला गेले, तर खड्ड्यात बाटल्या आणि पिशव्या जळत होत्या आणि धूर कर्मचाऱ्यांच्या झोपायच्या खोल्यांवर जात होता. त्या खोल्याही बघाच. पाहुण्यांना सागवानी पलंग आणि कामगारांना पत्र्याची कोंडवाडी असेल तर ‘इको’ म्हणायचं कशाला?

प्रमाणपत्रांपैकी इकोटुरिझम केनिया या संस्थेचं मानांकन कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशा तीन पायऱ्यांचं आहे. ते असेल तर चांगलंच, पण कोणत्या वर्षाचं आहे तेही विचारा.

आता तंबूबद्दल, कारण आईवडिलांची खरी काळजी ती. हा तंबू आपल्या ट्रेकचा नव्हे. आत माणूस ताठ उभा राहतो, पलंग-गादी असते आणि मागच्या बाजूला कापडी भिंतीपलीकडे जोडूनच संडास-बाथरूम असतं. कमोडच असतो, त्यामुळे गुडघ्यांचा प्रश्न येत नाही, आणि रात्री बाहेर पडावं लागत नाही. दिवे सौरऊर्जेवर चालतात, हेअर ड्रायर किंवा इस्त्री चालत नाही. वडिलांना झोपेत श्वासाचं यंत्र लागत असेल तर बुकिंगच्या वेळीच कळवा. रात्रभर बॅटरी पुरेल अशी सोय करता येते, पण ऐनवेळी नाही. प्लग इंग्लंडसारखे, तीन चौकोनी पिनांचे. इथून अॅडॅप्टर न्या.

आंघोळ मात्र समजून घ्या. बऱ्याच कॅम्पमध्ये बादलीचा शॉवर असतो. तुम्ही वेळ सांगायची. ठरल्या वेळी तंबूमागे पावलं वाजतात, हाक येते, “माजी मोटो!” म्हणजे गरम पाणी. मग कप्पी करकरते आणि साधारण २० लिटर पाण्याची कॅनव्हासची पिशवी दोरीने वर चढते. आत तुम्ही साखळी ओढायची, अंग भिजवायचं, साखळी सोडायची, साबण लावायचा, पुन्हा ओढायची. युरोपातल्या पाहुण्यांना पहिल्या दिवशी हे पाणी पुरत नसे. आपल्याकडच्यांना कायम पुरतं, कारण एका बादलीत आंघोळ आपण लहानपणापासून करतो. तुमची आई पहिल्याच दिवशी अर्धी पिशवी उरवेल. साबण-शाम्पू शक्यतो कॅम्पचाच वापरा. जंतुनाशक साबणाने मैलाटाकीतले उपयोगी जिवाणू मरतात. ओले वाइप्स कमोडमध्ये अजिबात नकोत.

थंडीचं कोणी सांगत नाही म्हणून सांगते. मारा समुद्रसपाटीपासून १,५०० मीटर आणि त्याहून वर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा उंच. ऑगस्टमध्ये पहाटे उघड्या गाडीत दात वाजतात. कानटोपी, स्वेटर, वारा अडवणारं जाकीट घ्या. रात्री जेवून आलात की पांघरुणात पायाशी काहीतरी गरम, मऊ हाताला लागेल. घाबरू नका, ती लोकरी पिशवीतली गरम पाण्याची रबरी बाटली असते. हे आईला आधी सांगून ठेवा.

आता कुंपण. नसतं, आणि नसावंच. कुंपण घातलं तर कॉन्झर्व्हन्सी करण्यात अर्थच उरत नाही. पण कुंपण नाही म्हणून राखण नाही असं नाही. अंधार पडला की तंबूबाहेर एकट्याने एक पाऊलही टाकायचं नाही, हा सगळीकडचा नियम. तंबूत शिट्टी, हॉर्न किंवा रेडिओ असतो. तो वाजवला की अस्करी येतो आणि जेवणाच्या तंबूपर्यंत सोबत करतो. अस्करी म्हणजे राखणदार. आपला ‘लष्कर’ आणि त्यांचा ‘अस्करी’ हे शब्द मुळात नात्यातले. (स्वाहिलीत गाडीला ‘गारी’, दुकानाला ‘दुका’ म्हणतात, आणि चपाती, कचुंबर जवळपास याच नावाने मिळतं. मुलीला हे शब्द गोळा करायला फार मजा येईल.)

आमच्याकडे एक म्हातारा मासाई अस्करी होता. सगळे त्याला ‘म्झे’ म्हणत, म्हणजे वडीलधारे. एकदा जेवणानंतर मी त्याच्यामागून चालले होते. तो थांबला, तळहात मागे केला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “न्गोजा.” थांब. मला काहीच दिसत नव्हतं. त्याने टॉर्च वर न उचलता जमिनीलगत डावीकडे सरकवला. वीसेक पावलांवर झुडपाच्या सावलीत दोन डोळे, त्यावर रुंद शिंगांचा आडवा पट्टा. एकटा म्हातारा बफेलो, तिथला सगळ्यात बेभरवशाचा प्राणी. म्झे हलला नाही, बोलला नाही. पाच-सात मिनिटांनी बफेलो फुसकारला आणि ओढ्याकडे निघून गेला. मग म्झेने मला लांबच्या वाटेने तंबूपर्यंत पोचवलं. धोका नाही असं मी म्हणत नाही. धोका ओळखणारा माणूस तुमच्यापुढे चालत असतो आणि त्याचं ऐकायचं असतं. बंद तंबूला प्राणी सहसा दगडासारखंच धरतात, वळसा घालून जातात. रात्री पाणघोडा तंबूला लागून गवत ओरबाडतो, तो चर्र-चर्र आवाज कापडातून अगदी कानाशी येतो. मुलीला आधी सांगितलंत तर ती त्याची वाट बघत जागी राहील. तंबूत खाऊ ठेवू नका आणि दिवसा बाहेर जाताना चेन पूर्ण लावून वर अडकवून जा. माकडं आणि बबून अर्धवट चेन सहज उघडतात.

खाऊ न्यायचाच असेल तर डब्यातून न्या आणि कॅम्पच्या स्वयंपाकघरात ठेवायला द्या. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, आणि ५ जून २०२० पासून संरक्षित क्षेत्रांत एकदा वापरून फेकायचं प्लास्टिक, पाण्याच्या बाटल्यांसह, चालत नाही. ड्युटी फ्रीची पिशवीसुद्धा विमानात सोडून द्या. शाकाहारी जेवण बहुतेक ठिकाणी उत्तम मिळतं. कांदा-लसूण नको असेल तर महिनाभर आधी कळवा, कारण भाजी नैरोबीहून किंवा वाटेवरच्या नारोक गावाहून येते.

फिरण्याबद्दल एकच आग्रह. ऑगस्टमध्ये विल्डबीस्टचे कळप मारात असतात आणि नदीपार होण्याच्या जागी गाड्यांची झुंबड उडते. त्या झुंबडीत ड्रायव्हरवर दबाव टाकणारे आपणच असतो: “भाऊ, जरा पुढे घ्या ना!” त्याची बक्षिसी आपल्या हातात असते, म्हणून तो पुढे घेतो. मारातल्याच चित्त्यांवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे पर्यटक कमी, तिथे चित्त्याच्या मादीची एका वेतातली सरासरी २.३ पिल्लं मोठी झाली. जिथे पर्यटकांची गर्दी, तिथे ०.२. मी हे आकडे प्रत्येक गटाला पहिल्या रात्री सांगते, आणि त्यानंतर गाडी पुढे घ्यायला कोणी सांगत नाही. कॉन्झर्व्हन्सीत एका प्राण्याजवळ साधारण पाचच गाड्या थांबतात, शिवाय रात्रीची सफारी आणि सोबत्यासह पायी फिरणंही असतं. मात्र दहा वर्षांच्या मुलीला बहुतेक कॅम्प पायी नेणार नाहीत.

याच कारणाने सात दिवसांत अंबोसेली, नैवाशा, नाकुरू आणि मारा असा दौरा करू नका. एकाच कॅम्पमध्ये चार रात्री राहा. डिझेल वाचतं, आईवडिलांच्या कंबरा वाचतात आणि दुसऱ्या दिवशी तोच सिंहांचा कळप पुन्हा भेटला की मुलगी एकेका सिंहाला ओळखू लागते. मुंबई ते नैरोबी विमानाचा धूर कोणत्याही सौरपट्टीने भरून निघत नाही. इतक्या लांब जायचं तर निदान एका जागी नीट राहावं, असं मला मनापासून वाटतं. पैशाचा हिशेब करताना लक्षात घ्या: जुलै २०२४ पासून राखीव क्षेत्राचं शुल्क जुलै ते डिसेंबरात परदेशी प्रौढाला दिवसाला २०० डॉलर आहे, आणि तो दिवस सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढाच. कॉन्झर्व्हन्सीचं शुल्क वेगळं. तीन दिवस कॉन्झर्व्हन्सीत आणि एकच दिवस नदीकडे, राखीव क्षेत्रात, असं ठेवलंत तर चालेल.

नैरोबीहून रस्त्याने पाच-सहा तास लागतात, शेवटचा टप्पा खडबडीत. वडिलांच्या पाठीचं काही असेल तर नैरोबीच्याच विल्सन विमानतळावरून छोटं विमान घ्या, पण त्यात सामान माणशी १५ किलो आणि तेही मऊ बॅगेत. कडक सूटकेस घेत नाहीत. काळे-गडद निळे कपडे नकोत, त्से-त्से माश्या त्यावर येतात. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, आणि आईवडिलांच्या विम्यात हवाई रुग्णवाहिका आहे ना, बघा. सगळ्यात महत्त्वाचं पीतज्वराचं. केनियाहून भारतात परतताना ही लस घेतल्याचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं, नाहीतर विलगीकरणात ठेवू शकतात. लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यायची असते आणि तिथली वेळ लवकर मिळत नाही. साठीपुढच्यांना ही लस देताना जास्त सावधगिरी लागते, म्हणून आईवडिलांच्या डॉक्टरांशी आत्ताच बोला, तिकिटं काढायच्या आधी.

राहिला मुलीचा प्रश्न. तारे बघता येतात, आणि असे बघता येतात की तिला आयुष्यभर आठवतील. मारा विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. ऑगस्टमध्ये जेवणाआधी, साडेसातच्या सुमारास, वायव्येला सप्तर्षी मावळतीला टेकलेले आणि नैर्ऋत्येला त्रिशंकू, दोन्ही एकाच आकाशात दिसतात. अमावास्येच्या आसपासच्या तारखा मिळाल्या तर घ्याच. शेकोटीपासून थोडं लांब उभं राहा आणि अस्करीला सांगा, दोन मिनिटं टॉर्च बंद करा. तो आधी चारी बाजूंना प्रकाश फिरवून डोळे चमकतात का ते बघेल, मगच बंद करेल.